मदत हवी आहे: चौथीसाठी आपल्या भागातली शाब्दिक उदाहरणं

नमस्कार मंडळी,

चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. वर्गातली निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात, काही पावरी. शाब्दिक उदाहरणांवर अडले आहे, म्हणून हा धागा.

चौथीतला एक मुलगा आठवडी बाजारात मायसोबत भरताची वांगी विकायला बसतो. मागच्या बाजारी मीच त्याच्याकडून साडेतीन किलो घेतली. भाव चाळीस रुपये किलो. "दोन किलोना ऐंशी, एक किलोना चाळीस, वरना वीस," असं पुटपुटत त्याने १४० सांगितले आणि माझ्या दोनशेच्या नोटेतून साठ परत दिले. कागद नाही, बोटं नाहीत. दुसऱ्या दिवशी तसंच उदाहरण वहीत दिलं तर त्याने ४० आणि ३ यांची बेरीज करून ठेवली! "साडे"चं काय करायचं ते कळलं नाही, म्हणून सोडून दिलं म्हणाला. मला रात्रभर चैन पडली नाही.

म्हणून ठरवलं की उदाहरणं मुलांच्या रोजच्या जगण्यातली घ्यायची. काही छान जमली. एसटीचं बघा. पूर्ण तिकीट ८० रुपये धरलं. बाबा, आई, आठ वर्षांचा मुलगा आणि ७८ वर्षांचे आजोबा जळगावला निघाले, तर किती पैसे लागतील? बाबांचे ८०, आईला महिला सवलतीचं अर्धं म्हणून ४०, मुलाचं अर्धं ४०, आजोबांना फुकट. एकूण १६०. एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, आजोबांनापण तिकीट देतात, त्याच्यावर शून्य लिहिलेलं असतं." शून्य मिळवलं तरी बेरीज तेवढीच राहते, हे मला फळ्यावर इतकं सोपं करून कधी सांगता आलं नव्हतं.

आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीला गव्हाचे रोट करतात, त्यांचंही घेतलं. आमच्याकडे माणशी सव्वा मूठ गहू धरतात. आठ माणसांचे किती? पोरांनी खरोखर गहू मोजले, दहा मुठी भरल्या. अपूर्णांक न शिकवताच आला.

पण केळीत फसले. "एका घडाला ९ फण्या, प्रत्येक फणीला १४ केळी, तर एकूण केळी किती?" असं उदाहरण दिलं. १२६ उत्तर यायला हवं होतं. अर्ध्या वर्गाने पेन्सिलच उचलली नाही. "सगळ्या फण्या सारख्या नसतात मॅडम, खालची बारीक राहते." बरोबरच आहे त्यांचं. मग मी गुणाकार कुठून आणू? उदाहरण सोपं करायला खोटं करायचं का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न तुलनेच्या उदाहरणांचा. "सीताकडे १५ बोरं आहेत. ती गीतापेक्षा ६ ने जास्त आहेत. गीताकडे किती?" जवळजवळ सगळ्यांचं उत्तर २१. "जास्त" दिसलं की अधिक, "उरले" दिसलं की वजा, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय, आणि खरं सांगायचं तर ते आम्हीच बसवलंय. हेच तोंडी अहिराणीत विचारलं, "मनाजोडे पंधरा बोरं शेतस, तुनापेक्षा सहा जास्ती, तुनाजोडे कितला?" तेव्हा तिघांनी नऊ सांगितलं. म्हणजे अडचण गणिताची आहे की भाषेची?

तिसरं, शेतकरी मंडळींनी खरे आकडे द्यावेत. भाव, वजनं, मजुरी, काहीही चालेल.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षक, धुळे):
ताई, फण्यांच्या बाबतीत मुलांचंच ऐका. गुणाकार हवा तर पाण्याचे जार घ्या, वह्यांचे गठ्ठे घ्या, जिथे वस्तू खरोखर सारख्या असतात. केळीला बेरीज ठेवा: वरची फणी १८ ची, पुढची प्रत्येक एकाने कमी, पाच फण्यांची किती? १८, १७, १६, १५, १४ मिळून ८० होतात. मग विचारा, मधल्या फणीला पाचने गुणलं तर काय येतं? तेही ८०. पोरं चक्रावतील, आणि गुणाकार पाठीमागच्या दाराने येईल.

तुलनेसाठी दोन पट्ट्या काढायला लावा, एक सीताची, एक गीताची. आधी फक्त "कोणाची पट्टी लांब?" एवढंच विचारा. आकडे हाताने झाकून ठेवा. गोष्ट मुलाने स्वतःच्या शब्दांत, अहिराणीत का होईना, सांगितल्याशिवाय आकडे उघडायचे नाहीत. आमच्या लहानपणी सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, पाठ असायची, त्यात आठाला दहाच येतात. तुमची रोटांची दहा मुठी वाचून तीच आठवली.

प्रतिसाद (गणित शिक्षिका, नाशिक):
तुमचा वांगीवाला एकटा नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विकताना तोंडी हिशेब ९८ टक्के बरोबर, तसेच हिशेब शाब्दिक उदाहरणात ७४ टक्के, आणि नुसती आकडेमोड दिली तर ३७ टक्के. एका मुलाला ३५ च्या भावाने दहा नारळांचे पैसे विचारले. त्याने तीन नारळांचे १०५ धरले, ते तीनदा मिळवले, वर एकाचे ३५. तुमच्या मुलाने अगदी हेच केलं. त्याची "दोन किलो, एक किलो, वरचा अर्धा" ही रीत फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहा, आडव्या ओळीत. उभी मांडणी नंतर.

प्रतिसाद (केळी उत्पादक, यावल):
क्विंटलचा भाव द्या ना पोरांना. १२०० रुपये क्विंटल म्हणजे किलोला बारा. घड १८ किलोचा धरा, २१६ रुपये झाले. घरी बापाच्या तोंडून रोज भाव ऐकतात, किलोवर आणायला कोणी सांगत नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. आकडे झाकायची युक्ती आज लगेच करून पाहिली. पट्ट्या काढल्यावर वर्गातल्या अकरापैकी सात जणांनी गीताची बोरं ९ सांगितली.

नंतर वांगीवाल्याला म्हटलं, आता तू उदाहरण घाल. त्याने घातलं: मायने २० किलो वांगी नेली. १७ किलो चाळीसने गेली. राहिलेली तीन किलो संध्याकाळी वीसने दिली. जीपला जाताना तीस आणि येताना तीस रुपये दिले. घरी किती आले? पाच जणांनी ६८० काढले. चौघांचे ७१० आले, कारण त्यांनी एकाच वेळचं भाडं धरलं होतं. तो फळ्यापाशी जाऊन त्यांना म्हणाला, "माय काय चालत घर येस का?"