एका रेषेतले कण समतोलाला येईनात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पायथनमध्ये टकरांचं सिम्युलेशन लिहिलंय. सपाट पेटीत सारख्या चकत्या एकाच वेगाने, वाटेल त्या दिशांना सोडल्या, तर प्रत्येकीच्या मोजक्या टकरांतच वेगांच्या वाटपाचा आलेख मॅक्सवेलच्या वळणावर (समतोलात दिसणाऱ्या ठरावीक आकारावर) येतो. तेच कण एका रेषेत ठेवले की ढिम्म! कारण कळतं: सारख्या वस्तुमानांत वेगांची नुसती अदलाबदल होते, वेगांची यादी तीच राहते. (२००६ मध्ये रुबिडियमच्या अणूंवर झालेल्या प्रयोगातही हजारो टकरांनंतर समतोल दिसला नव्हता.)

आता एकाआड एक कणाचं वस्तुमान दुप्पट केलंय. आलेख हलतो, पण फार सावकाश. रिलॅक्सेशन टाइम (समतोलाला यायला लागणारा वेळ) कसा मोजू? जड-हलक्यांची सरासरी ऊर्जा सारखी झाली की पुरे, की वेगाच्या चौथ्या घाताची सरासरीही बघावी? कोणी केलं असेल तर सांगा, कोड टाकते.