हायवे पॅट्रोलमधला शेजारी गेला, त्याचं नाव स्मारकावर येईल का?

प्रश्न: अमेरिकेत आमच्या शेजारी हायवे पॅट्रोलचा, म्हणजे महामार्ग पोलिसांचा, अधिकारी राहायचा. गेल्या वर्षी ड्यूटीवर असताना गेला. बंद पडलेल्या गाडीमागे दिवे लावून उभा होता, मागून ट्रक आला. अंत्यविधीत, तिथल्या पोलिसांच्या रीतीप्रमाणे, रेडिओवरून त्याचा ड्यूटीचा नंबर पुकारला. उत्तर नाही. परत पुकारला. त्याचा धाकटा मुलगा स्पीकरकडेच बघत बसला होता, ते काही डोक्यातून जात नाही. वॉशिंग्टनच्या पोलीस स्मारकावर त्याचं नाव कोरतील का?

उत्तर १: ड्यूटीवर असताना गेलेल्यांचीच नावं तिथे कोरतात. खात्याकडून कागदपत्रं गेली का, तेवढं विचारा. १५ मे हा त्यांचा स्मृतिदिन, १९६२ पासून. जाल तेव्हा कोरा कागद आणि मऊ पेन्सिल न्या. नावावर कागद धरून घासलं की ठसा उमटतो.

उत्तर २: पन्नासही राज्यांत कायदा आहे हो, कडेला दिवे लुकलुकताना दिसले की लेन बदला, नाहीतर वेग कमी करा. पाळतंय कोण!

प्रश्नकर्ती: खरं सांगू? मीही पूर्वी नाही पाळायचे. कागद दोन नेईन, एक मुलासाठी.