रेड १ म्हणजे बॅकअप नव्हे

उद्यमनगरातल्या वर्कशॉपसाठी दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायची फाइली साठवायची पेटी) घेतलाय, रेड १ (दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तीच माहिती लिहिणं) लावलंय, आता बॅकअपची काळजी मिटली का, असं विचारलंय तुम्ही. नाही मिटली, दादा. रेड १ मुळे एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, एवढंच. कुणी चुकून ड्रॉइंगचं फोल्डर उडवलं, तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. स्नॅपशॉट, म्हणजे फाइली त्या-त्या वेळी जशा होत्या तशा जपून ठेवायची नॅसमधली सोय, आजच चालू करा. शिवाय दर शनिवारी यूएसबी डिस्कवर एक प्रत काढून ती घरी न्या. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा आमचं मशीन आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली होती. दोन्ही गेली. आठ वर्षांचं काम होतं त्यात, अजून जिवाला लागतं.

राउटरमध्ये नॅसचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कायमचा ठरवून द्या. एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली वाटायची जुनी पद्धत) बंदच ठेवा, २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेनं पसरला होता. घरून फाइली बघायच्या तर राउटरचं पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडू नका, व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी) लावा. आणि यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडा, बॅटरी संपायच्या आत नॅस आपणहून नीट बंद होतो.