ॲम्प सिम: नॅम, न्यूरल डीएसपी की ॲम्प्लिट्यूब? टोनपेक्षा हाताला लागणाऱ्या फीलबद्दल विचारतोय

राजारामपुरी_रिफ
नमस्कार मंडळी. फ्लॅटमध्ये रात्री ट्यूब ॲम्प लावायची सोय नाही, त्यामुळं ॲम्प सिम (ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावून सगळं हेडफोनवर. सेटअप: विंडोज 11 लॅपटॉप, आय5, 16 जीबी रॅम, फोकसराइटचा स्कार्लेट सोलो (थर्ड जनरेशन) ऑडिओ इंटरफेस, रेकॉर्डिंगला रीपर. गिटार दोन: एक स्ट्रॅट पद्धतीची सिंगल कॉइल पिकअपवाली, एक हंबकर पिकअपवाली.

आत्ता जो ॲम्प सिम वापरतोय त्याच्या तीन तक्रारी आहेत. पिक मारल्यावर आधी 'टक्' ऐकू येतं आणि स्वर मागून येतो. गिटारचा व्हॉल्यूम 5 वर आणला तरी डिस्टॉर्शन साफ होत नाही. आणि वरच्या पट्टीत सतत एक खरखर. नॅम (न्यूरल ॲम्प मॉडेलर), न्यूरल डीएसपी, ॲम्प्लिट्यूब 5 आणि टोनेक्स एवढे डोक्यात आहेत. ब्लूजपासून हार्ड रॉकपर्यंत वाजवतो. फील कशाचा बरा?

पंचगंगा_पेंटॅटॉनिक
भावा, सॉफ्टवेअर बदलायच्या आधी इंटरफेस बघा की. तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि निदान पहिल्या दोन तरी सॉफ्टवेअरच्या बाहेरच्या दिसतात.

'टक्' आधी आणि स्वर मागून, याचा अर्थ बहुतेक डायरेक्ट मॉनिटर चालू आहे. गिटारचा कोरा सिग्नल इंटरफेसमधून थेट कानात येतो आणि प्रोसेस झालेला काही मिलिसेकंदांनी. पुढच्या बाजूचं ते बटण बंद करा. तरीही उशीर (लेटन्सी) वाटला तर बफर, म्हणजे आवाज एका वेळी किती सॅम्पलच्या तुकड्यात घेतला जातो ते, बघा: 48 किलोहर्ट्झवर 64 सॅम्पल म्हणजे 1.33 मिलिसेकंद, 128 म्हणजे 2.67, 256 म्हणजे 5.33. पण हे एका बाजूचं झालं. जाण्यायेण्याचा खरा आकडा दुपटीपेक्षाही जास्त भरतो, कारण ड्रायव्हरचा लपलेला बफर आणि कन्व्हर्टरचा वेळ त्यात मिळतो. खरा आकडा हवा असेल तर लाइन आउटमधून केबल लाइन इनमध्ये घाला, रीपरच्या प्रेफरन्सेसमधलं ऑडिओ, रेकॉर्डिंग उघडून 'यूज ऑडिओ ड्रायव्हर रिपोर्टेड लेटन्सी' समोरची खूण काढा, त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवून एक क्लिक रेकॉर्ड करा आणि मूळ क्लिकपासूनचं अंतर मोजा. ती खूण काढली नाही तर रीपर स्वतःच भरपाई करतो आणि आकडा खोटा दिसतो. मोजून झालं की खूण परत लावा.

आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. 3 मीटरवर ठेवलेल्या खऱ्या ॲम्पचा आवाजही जवळपास 9 मिलिसेकंदांनीच पोचतो, तेव्हा एकूण 10 च्या आत असाल तर उशिराला दोष देऊ नका. ड्रायव्हर फोकसराइटचाच एएसआयओ (विंडोजवर कमी उशिरासाठीचा) घ्या. ब्लूटूथ हेडफोनचा तर विषयच काढू नका.

आता व्हॉल्यूमचं. इथं जवळजवळ सगळे फसतात. मीटर हिरव्या-पिवळ्यापर्यंत चढवायची सवय माइकसाठी ठीक, ॲम्प सिमसाठी घातक. इंटरफेसचा गेन 18 डीबी वाढवला तर सिमच्या पुढं 18 डीबीचा क्लीन बूस्टर लावल्यासारखंच झालं. मग गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणून काय साफ होणार? इन्स्ट (इन्स्ट्रुमेंट) बटण चालू, गेन शून्यावर. सिंगल कॉइलचा मीटर अगदी खाली दिसेल, दिसू दे. 24 बिटमध्ये तेवढी जागा असते.

ट्यूब_ग्लो_416
वरच्याला एक जोड. शून्य गेनवर इंटरफेस किती डीबीयूला (सिग्नलच्या व्होल्टेजचं माप) फुल स्केल, म्हणजे आवाज फाटायची मर्यादा, गाठतो हा आकडा कंपनीच्या तांत्रिक तक्त्यात 'मॅक्सिमम इनपुट लेव्हल' या नावानं असतो. इन्स्ट्रुमेंट इनपुटचाच घ्या, माइक किंवा लाइनचा नाही. नॅमच्या नव्या आवृत्तीत सेटिंगमध्ये 'कॅलिब्रेट इनपुट' आहे, तिथं तो भरायचा. मात्र कॅप्चर (खऱ्या ॲम्पची उतरवलेली नक्कल) करणाऱ्यानं त्या मॉडेलमध्ये स्वतःची लेव्हल नोंदवली असेल तरच त्याचा उपयोग. नसेल तर इनपुट नॉब कानानंच लावावा लागतो.

खरखरीबद्दल: नॅममध्ये फक्त हेडचं (स्पीकरशिवायच्या ॲम्पचं) कॅप्चर लावून आयआर (स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाची फाइल) लावायचा राहिला तर गांधीलमाशा सुटतात. उलट फुल रिगच्या (कॅबिनेटसकट) कॅप्चरवर पुन्हा आयआर लावला तर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा. कॅबिनेट बरोबर असूनही खरखर राहिली तर आयआरनंतर इक्यू: 80 ते 100 हर्ट्झच्या खाली लो कट, 7 ते 8 किलोहर्ट्झच्या वर हाय कट. आणि हाय गेनवर पहिल्या तारेच्या 15 व्या फ्रेटवर बेंड करा. स्वर वर चढताना मागं एखादी बारीक शिट्टी खाली उतरत असेल तर ते एलियासिंग, म्हणजे डिजिटल प्रक्रियेत उगवलेले खोटे स्वर. ओव्हरसॅम्पलिंगचा (आत जास्त सॅम्पल दरानं काम करण्याचा) पर्याय असेल तर चढवा. त्यानं काही प्लगइनची लेटन्सी वाढते. रीपरच्या एफएक्स खिडकीत खाली सीपीयूशेजारी सॅम्पलचा आकडा दिसतो, त्यावर नजर ठेवा.

गेन_स्टेज
मूळ प्रश्न सॉफ्टवेअरचा होता, त्यावर येतो.

टोन आणि फील यांची चाचणी वेगवेगळी घ्या. टोनसाठी कोरा डीआय (सिम न लावलेला थेट गिटारचा सिग्नल) एकदा रेकॉर्ड करा, तीन ट्रॅकवर तीन सिम, तिन्हींत एकच आयआर (नॅम, ॲम्प्लिट्यूब 5 आणि न्यूरल डीएसपी तिन्ही बाहेरचा आयआर घेतात), आणि लाउडनेस मीटरनं आवाज सारखा करा. 1 डीबीनं मोठा असलेलाच चांगला वाटतो, तिथं कानावर विश्वास नको. फील मात्र रेकॉर्डिंगवरून कळत नाही, तो हातातच तपासावा लागतो. जेमतेम फुटणारा क्रंच लावा, एकच कॉर्ड हळू आणि जोरात मारा, मग व्हॉल्यूम 10 वरून 6 वर.

या चाचणीत नॅम पुढं असतो असं माझं मत. स्टीव्हन ॲटकिन्सन यांचं हे मोफत, ओपन सोर्स काम. खऱ्या ॲम्पचं कॅप्चर न्यूरल नेटवर्कनं शिकलेलं असतं, त्यामुळं पिकच्या जोराला प्रतिसाद फार जवळचा मिळतो. पण कॅप्चर म्हणजे नॉबच्या एकाच जागेचं. प्लगइनमधले बेस, मिड, ट्रेबल हे नंतर लावलेले इक्यू आहेत, त्या ॲम्पचा टोनस्टॅक (टोन नॉबचं सर्किट) नव्हे. टोनेक्सचंही तत्त्व तेच. तिथला गेन फिरवला तरी त्या ॲम्पचा गेन पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) फिरत नाही.

न्यूरल डीएसपीमध्ये नॉब ॲम्पसारखे वागतात आणि पहिल्या पाच मिनिटांत वाजवण्याजोगा आवाज मिळतो. तुमच्या सिंगल कॉइलला टोन किंग इम्पीरियल, हार्ड रॉकला सोल्डानो एसएलओ-100 बघा. 14 दिवस पूर्ण चालतात, फक्त आयलॉकचं (सॉफ्टवेअरचे परवाने सांभाळणारी सेवा) मोफत खातं काढावं लागतं. ॲम्प्लिट्यूब 5 ची ताकद स्पीकर कॅबिनेट आणि माइक मांडायच्या आभासी खोलीत आहे. माइक सरकवत बसायची हौस असेल तर घ्या, नाहीतर त्या ढिगाऱ्यात संध्याकाळ जाते आणि वाजवणं राहतं.

पंचगंगा_पेंटॅटॉनिक
नॅम पुढं हे क्रंचपुरतं मान्य. हार्ड रॉकच्या पाम म्यूटला (तळहातानं तारा दाबून वाजवताना) पुढं टीएस-808 धाटणीचा ओव्हरड्राइव्ह पेडल हवाच: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. तो ॲम्पच्या आधी खालचा बेस छाटतो, मग जाळ अन् धूर संगट निघतो आणि चिखल होत नाही. नॅमच्या प्लगइनमध्ये पेडल नाही, साखळीत आधी वेगळं टाकावं लागेल.

राजारामपुरी_रिफ
डायरेक्ट मॉनिटर चालूच होता, बंद केल्यावर 'टक्' गेलं. गेन शून्यावर आणल्यावर व्हॉल्यूमनं साफही होतंय. दोन गोष्टी राहिल्या: व्हॉल्यूम कमी केला की आवाज मंद होतो, आणि सिंगल कॉइलवर गुरगुर आहे. तारांना हात लावला की कमी होते.

ट्यूब_ग्लो_416
मंद होणं सिमचं नाही, गिटारचा पॉट आणि केबलची कपॅसिटन्स मिळून ट्रेबल खातात. 6 मीटरची केबल असेल तर 3 ची घ्या. पुरलं नाही तर व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि मधल्या टोकात ट्रेबल ब्लीड, म्हणजे ट्रेबलला वेगळी वाट देणारी जोडणी: 0.001 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर 150 किलोओहमचा रेझिस्टर.

गुरगुरीसाठी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. थांबली तर चार्जरच्या वाटेनं येतेय. पेठांमधल्या जुन्या वायरिंगमध्ये तीन पिनचं सॉकेट असतं पण आत आर्थिंगची तार जोडलेलीच नसते, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवावरचं काम आहे. बॅटरीवर वाजवताना पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा, नाहीतर प्रोसेसर मंदावतो आणि 64 बफरवर कडकड येते. नॉइज गेट लावलाच तर ॲम्पच्या आधी, आणि थ्रेशोल्ड लांबवलेल्या स्वराची शेपूट तुटणार नाही इतकाच.

गेन_स्टेज
मग आता पैसे न घालवता नॅमपासून सुरुवात करा. एकाच ॲम्पची, एकाच माणसानं केलेली कमी, मध्यम आणि जास्त गेनची तीन कॅप्चर घ्या, वेगवेगळ्या लोकांची नकोत, लेव्हल जुळत नाहीत. प्रोजेक्ट 48 किलोहर्ट्झवर ठेवा, बहुतेक मॉडेल त्याच दरावर शिकवलेली असतात. 64 बफरवर कडकडलं तर स्टँडर्डऐवजी लाइट किंवा फेदर आकाराचं मॉडेल उतरवा. न्यूरल डीएसपीची ट्रायल मात्र आज सुरू करू नका. आधी ट्रेबल ब्लीड आणि आर्थिंगचं काम उरका, 14 दिवस त्यातच जायचे.