मदत हवी आहे: बेडकाच्या टाकीतला धबधबा, पाणी समोरून पडतच नाही

रानवेडी: थर्माकोल कोरून खडक केला, वर सिमेंटचे थर दिले, मधून पाइप घेतला, खाली पंप. दिसायला अगदी खरा झालाय पण पंप चालू केला की पाणी समोर पडायच्या ऐवजी खडकाला चिकटून मागे वळतं, सगळी माती चिखल होते आणि डबक्यातलं पाणी इतकं उतरतं की पंप घरघरायला लागतो. मोठा पंप घेऊ का? कोणता? लवकर सांगा, बेडूक तात्पुरत्या डब्यात आहे आणि नीट खात नाहीये.

पाणकावळा: टाकी केवढी? पंप किती लिटरचा? बेडूक कोणता, झाडावरचा की जमिनीवरचा? यातलं काहीच लिहिलं नाहीये तर पंप कसा सांगणार.

हिरवळ: मी तर म्हणेन धबधबा काढूनच टाका. बेडूक त्याच पाण्यात बसतो, त्यातच घाण करतो आणि पंप तेच पाणी फिरवत राहतो. उथळ वाटी ठेवा, रोज पाणी बदला, माझा बेडूक मजेत आहे.

रानवेडी: ताई, वाटीचं विचारलं नाहीये. टाकी दोन फूट उंच, व्हाइट्स ट्री फ्रॉग आहे. आणि हो, पाण्यावर पांढरी साय येतेय, ती पंपामुळे का?

चुनखडी: थांबा, बेडूक अजिबात आत सोडू नका. ती साय सिमेंटमधल्या चुन्याची. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते, मोजलात का? ताज्या सिमेंटने पाणी 11-12 पर्यंत जाऊ शकतं, आणि बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषतो, म्हणजे ते सगळं थेट अंगात. पंप चालू ठेवून पाणी फिरवा, रोज ओतून नवीन भरा. पाणी न बदलता दिवसभर ठेवूनही पीएच 8 च्या खाली राहिला तरच पुढचं बोलू.

रंगारी: एवढं कशाला, वरून ऑइल पेंटचा स्प्रे मारा, सील होईल. माझ्या माशांच्या टाकीत काही झालं नाही.

चुनखडी: दादा, स्प्रेमधल्या थिनरने थर्माकोल विरघळतो, जिथे सिमेंट पातळ बसलंय तिथे आतून पोकळ होईल. मारायचंच तर टाकीला चालणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं, कडक होणारं रेझिन), तेही पूर्ण कडक होऊ द्यायचं.

रंगारी: माझा तर अजून टिकलाय.

पाणकावळा: पंपाचं राहूनच गेलं. मोठा घेऊ नका, अजून जास्त पाणी मागे जाईल. वरच्या कडेला चपटा दगड बसवा, पुढे झुकलेला आणि खडकाच्या बाहेर आलेला. गवंडी छज्ज्याच्या खाली खाच ठेवतात ना पाणी भिंतीकडे येऊ नये म्हणून, तसं दगडाच्या खालच्या बाजूला सिलिकॉनची एक बारीक रेघ ओढा, थेंब तिथेच तुटतो. दोन्ही बाजूंनाही सिलिकॉनचे छोटे बांध घाला. बुरशीरोधक सिलिकॉन घेऊ नका. आणि पंप हाताला लागेल असा ठेवा, तोंडाला स्पंज लावा.

शेवाळ_प्रेमी: मॉस कोणतं लावलंय? माझं सारखं पिवळं पडतंय.

रानवेडी: पीएचची पट्टी गर्द निळी आली, म्हणजे पीएच खूप जास्त. बेडकाला डब्यातच ठेवते. पाणी बदलायला घेतलंय, दगड पण मिळालाय. सिलिकॉन किती वेळ वाळू देऊ?

पाणकावळा: व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, जाड लावलंत तर जास्त वेळ लागेल. आणि नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढूनच भरा.