'एक्झेम्प्ट' खेळाडू : सूट नेमकी कोणाला?

पाटीपेन्सिल
एका इंग्रजी मजकुराच्या अनुवादात अडलंय, त्यात एक तक्ताही आहे. अमेरिकेच्या १९३८च्या फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्टमध्ये (किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा कायदा) २०१८ साली मायनर लीग बेसबॉलसाठी (मेजर लीगच्या खालची व्यावसायिक पातळी) कलम १३(अ)(१९) घातलं. त्यात बसणारा खेळाडू 'एक्झेम्प्ट'. मसुद्यात 'किमान वेतनातून सूट मिळालेले खेळाडू' असं लिहिलं. संपादकांचा समासातला शेरा : 'सूट मिळून त्यांचा काय फायदा झाला?' फायदा शून्य. मग शब्द कोणता?

हिशेबनीस
शून्याहूनही खाली. हंगामात आठवड्याला ४० तासांचं किमान वेतन, म्हणजे ७.२५ × ४० = २९० डॉलर दिले की क्लब मोकळा. सराव, सामने सगळं धरून ७० तास भरले तरी २९०च. तासाला पडले ४ डॉलर १४ सेंट. दीडपट ओव्हरटाइमही नाही. सूट क्लबला मिळाली, खेळाडूचं छत्र गेलं. 'वगळलेले खेळाडू' लिहा.

ओसरी
क्रीडापानावर 'वगळलेला खेळाडू' म्हणजे संघातून काढलेला. वाचक दुखापत शोधत बसेल. 'करमुक्त'च्या चालीवर 'किमानवेतनमुक्त' का नको?

हिशेबनीस
करमुक्त उत्पन्नावर कर नसतो. त्या न्यायाने वेतनमुक्त माणसाला वेतन नसतं. स्प्रिंग ट्रेनिंगपुरता, म्हणजे हंगामापूर्वीच्या सराव शिबिरापुरता, तो शब्द तेव्हा चपखल होता म्हणा!

पाटीपेन्सिल
तिथेही गोंधळ आहे. कलमात 'चॅम्पियनशिप सीझन'पुढे कंसात 'स्प्रिंग ट्रेनिंग किंवा ऑफ सीझन नव्हे' असं आहे. याचा अर्थ त्या काळात सूट लागू नाही, असाच ना?

कलमकसाई
उलट. वाक्य नीट सोडवा. सूट जोडली आहे खेळाडूला. कंस जोडला आहे साप्ताहिक पगाराच्या अटीला. म्हणजे २९०ची अट फक्त हंगामापुरती. सराव शिबिरात ती अटही नाही आणि खेळाडू कायद्याबाहेरचा बाहेरच. मराठीत कंस उचलून वाक्याच्या शेवटी नेला की अर्थ फिरतो. 'हंगामातील (शिबिरातील नव्हे) कामासाठी साप्ताहिक वेतन' असा नामाला चिकटवूनच ठेवा.

शब्दाबद्दल म्हणाल तर आपल्या अधिनियमांची वाक्यरचना आयती आहे : 'या कलमाच्या तरतुदी अमुक कर्मचाऱ्यांना लागू असणार नाहीत.' नाम शोधायचंच कशाला? कारखान्यातही कोणी 'मी एक्झेम्प्ट' म्हणत नाही, 'आपल्याला ओटी (ओव्हरटाइम) लागू नाही' म्हणतात.

ओसरी
वाक्य चालेल, तक्त्याच्या रकान्यात काय घालणार? 'ला.ना.'?

पाटीपेन्सिल
रकान्याचीच अडचण आहे. शिवाय 'युनियन कराराखालील खेळाडू' हे शीर्षक सगळ्या तक्त्याला दिलंय.

कलमकसाई
मग तक्ताच चुकला. २०१८च्या कलमात नुसता 'करार' आहे, युनियनचा नव्हे. मायनर लीगमध्ये तेव्हा युनियनच नव्हती. ती आली सप्टेंबर २०२२मध्ये, मेजर लीगच्या खेळाडू संघटनेमार्फत. पहिला करार २०२३चा, पाच वर्षांचा. मायनर लीगच्या सर्वांत वरच्या ट्रिपल-ए पातळीचा वार्षिक पगार १७,५००वरून ३५,८०० डॉलर झाला, सर्वांत खालच्या कॉम्प्लेक्स लीगचा ४,८००वरून १९,८००. युनियन करार ही सूट मिळण्याची अटच आहे ती फ्लोरिडाच्या २०२३च्या राज्य कायद्यात. तिथे करारात वेतन आणि कामाच्या अटी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात.

कॅलिफोर्नियाचं कलम ५१४ आणखी कडक, ते सगळ्याच धंद्यांना आहे : सामूहिक (युनियन आणि मालक यांच्यातल्या) करारात वेतन, तास, अटी आणि ओव्हरटाइमचा वाढीव दर हवा, शिवाय तासाचा मूळ दर राज्याच्या किमान वेतनापेक्षा निदान ३० टक्के जास्त. तेव्हाच राज्याचा ओव्हरटाइम नियम मागे सरतो. किमान वेतन तसंच राहतं. हे तीन प्रकार एका रकान्यात 'सूट' म्हणून कोंबू नका.

मराठीमित्र
'सामूहिक करार' हाही अर्धवट अनुवाद. पाठ्यपुस्तकी शब्द 'सामूहिक सौदा' आहे.

हिशेबनीस
सौदा कांद्याचा. कारखान्याच्या गेटवर 'वेतन करार' म्हणतात. जाणकार त्यातही '१८(१)चा की १२(३)चा' असं विचारतात. औद्योगिक विवाद अधिनियमाखाली समेट अधिकाऱ्यासमोर झालेला १२(३)चा करार सगळ्या कामगारांना बांधायचा, १८(१)चा फक्त सह्या करणाऱ्या पक्षांना. बेसबॉलचा करार सभासद नसलेल्यालाही बांधतो, म्हणजे १२(३)च्या जवळचा.

मराठीमित्र
बरं, पण खेळाडूला 'वेतन' तरी का? मराठीत खेळाडूला मानधन मिळतं.

कलमकसाई
हा शब्द तर मुळीच नको! 'मानधन' ही मराठीतली सर्वांत स्वस्त सूट आहे. तो शब्द घातला की किमान वेतनाचा प्रश्नच उठत नाही. अंगणवाडी सेविकांना विचारा. ग्रॅच्युइटीसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०२२मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, तेव्हा तो मोबदला वेतन ठरला.

मराठीमित्र
'मोबदला' अरबी आहे. 'पगार' पोर्तुगीज. शुद्ध 'वेतन' असताना…

ओसरी
आत्ताच तर तुम्ही वेतन नको म्हणालात.

मराठीमित्र
खेळाडूला नको म्हणालो. आणि 'सूट' सुटणेपासून आलेला, अस्सल मराठी. सुटतो तो खेळाडूच.

हिशेबनीस
गाय दाव्यातून सुटते तशी सुटका आणि छत्री हातातून सुटते तसं सुटणं, क्रियापद एकच. इथे दुसरं आहे.

पाटीपेन्सिल
रकान्यात 'लागू नाही' घातलंय. शीर्षकातलं 'युनियन' काढलं. आता संपादक विचारताहेत, 'साप्ताहिक पगार' की 'आठवडी'?

मराठीमित्र
आठवडी बाजार असतो.