शब्दचर्चा: ‘डेड मनी’ बुडीत की बोजा?

ओहायोकर
इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी लेख लिहितोय. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधले खेळाडूंचे करार आणि सॅलरी कॅपचे नियम बदलायला हवेत का, हा विषय. ‘सॅलरी कॅप’ला वेतनमर्यादा लिहून सुटलो. तेही पुरतं पटत नाही, कारण मर्यादा एकेकाच्या पगाराला नसून अख्ख्या संघाच्या पगाराच्या बेरजेला आहे. खरं अडलंय ‘डेड मनी’पाशी. ‘मृत पैसा’ वाचून बायको हसत सुटली. ‘बुडीत रक्कम’ चालेल का?

उंटावरचा शहाणा
आधी तो प्रकार सांगा. आम्हाला आयपीएलची पर्स कळते, त्यापुढे अंधार.

ओहायोकर
पर्समधून लिलावात बोली लावायची. कॅपची वर्षभराची वही असते. 1994 साली कॅप सुरू झाली तेव्हा संघामागे 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2025 साली 27 कोटी 92 लाख. आता समजा, पाच वर्षांचा करार झाला आणि सही करतानाच 5 कोटींचा बोनस दिला. पैसे खेळाडूला मिळाले, पण वहीत दरवर्षी 1 कोटीच लिहायचे. दोन वर्षांनी त्याला काढलं की उरलेले 3 कोटी एकदम वहीत येतात. माणूस गेला, आकडा राहिला. डेन्व्हरने 2024 मध्ये रसेल विल्सनला सोडलं तेव्हा हमीचा पगार धरून असे साडेआठ कोटी दोन वर्षांच्या वहीत मांडावे लागले.

जुना कारकून
मग बुडीत नक्कीच नाही. आपलं येणं होतं आणि ते आता येत नाही, ते बुडीत. इथे कुणाचंच येणं नाही. हा बोजा आहे. बैलासाठी सोसायटीचं कर्ज काढलं आणि बैल मेला, तरी सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांत बोजा तसाच राहतो. तीस वर्षं हेच लिहिलंय मी.

उंटावरचा शहाणा
पण बोजा म्हणजे फेडायचं बाकी. इथे तर पैसे आधीच दिलेत.

जुना कारकून
पैसे दिले हो, जागा उसनी घेतली. पुढच्या तीन वर्षांच्या मर्यादेतली जागा आज वापरली, ती फेडायची आहे.

ओहायोकर
बोजा पक्का! आता ‘रिस्ट्रक्चर’? खेळाडूच्या यंदाच्या पगाराचा बोनस करतात आणि तो पुढच्या वर्षांवर पसरतात. त्यासाठी कराराला नावापुरती वर्षंही जोडतात, ज्यांत तो खेळणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं.

जुना कारकून
हे तर पुनर्गठन! दुष्काळात पीककर्जाचं होतं तसं. माफ काहीच होत नाही, हप्ते पुढे जातात. ‘फेररचना’ लिहू नका, त्यात काहीतरी नीटनेटकं झाल्यासारखं वाटतं. आणि त्या वर्षांना कागदी वर्षं म्हणा.

वकीलबाई
दोन गोष्टी. संघाने खेळाडूला काढलं की आपले पत्रकार ‘करार मोडला’ लिहितात. मोडला नाही, काढायची मुभा करारातच असते. ‘करारातून मोकळं केलं’ लिहा, भाषा गोड असली तरी कायद्याने बरोबर. दुसरं, मथळ्यातला आकडा आणि हमीचा आकडा वेगळे ठेवा. पॅट्रिक महोम्सचा 2020 चा 45 कोटींचा करार म्हणजे 45 कोटींची हमी नव्हे. क्लीव्हलंडने डेशॉन वॉटसनला 2022 मध्ये दिलेले 23 कोटी मात्र पूर्ण हमीचे होते, म्हणून तर इतर मालक हबकले. माझ्या मते सगळा वाद या हमीचाच आहे, कॅपचा आकडा दुय्यम. पुढच्या वर्षांची हमी दिली की तेवढी रक्कम क्लबने आधीच बाजूला काढून ठेवायची असा जुना नियम आहे, आणि मालक त्याच्या आड लपतात. तिला ‘अनामत’ म्हणू नका, अनामत परत मिळते.

आणि ‘सुधारणा’ शब्द जपून वापरा. 2010 साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला 7 कोटी 80 लाखांचा करार मिळाला. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2011 च्या सामूहिक करारानंतर त्याच जागेवरच्या कॅम न्यूटनला साधारण 2 कोटी 20 लाख. मालकांच्या लेखी ही सुधारणाच होती. 2020 चा सामूहिक करार तर खेळाडूंनी 1,019 विरुद्ध 959 मतांनी मंजूर केला. ‘बदल’ लिहा, कुणाचा फायदा ते वाचक ठरवेल.

ओहायोकर
शेवटचा, ‘फ्रँचायझी टॅग’. करार संपला तरी संघ खेळाडूला ठरलेल्या मोठ्या पगारावर आणखी एक वर्ष अडकवून ठेवू शकतो. लेव्हियॉन बेलने 2018 मध्ये त्यावर सही केलीच नाही, अख्खा हंगाम घरी बसला.

जुना कारकून
अडवणूक.

वकीलबाई
आत्ताच मी काय सांगितलं?

ओहायोकर
टॅगच ठेवतो. अडवणूक बेलच्या परिच्छेदात घालतो, तिथे कुणी हरकत घेणार नाही.